सत्तरची शेव्हेल रस्त्यासाठी हलकी करायची आहे, सुरुवात कुठून करू?

मंदार_ट्रॉय | १० नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. तीन वर्षांपूर्वी शेवरोलेची १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ घेतली. इंजिन खरं म्हणजे ४०२ घनइंचांचं आहे, पण शेवरोलेने त्या वर्षीही बिल्ला ३९६ चाच ठेवला होता. टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कंपनीचा एसी, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम.

गेल्या रविवारी ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेऊन वजन केलं. टाकी अर्धी, आत कोणी नाही. पुढच्या चाकांवर २,२३० पौंड, मागच्यांवर १,६३०, एकूण ३,८६०. किलोत साधारण १,७५०. म्हणजे जवळजवळ ५८ टक्के वजन नाकावर! सरळ रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी जाते, पण वळणावर तोंड वळवायलाच मागत नाही, आणि लाल दिव्याला थांबताना नाक खाली घालते.

मला शर्यत लावायची नाही. रविवारची चक्कर, ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक), मंडळाच्या गणपतीला जाणं, एवढाच वापर. बायको आणि दोन्ही मुली सोबत असतात. ३०० पौंड काढायचे मनात आहे. ऑफिसातला एक मित्र म्हणतो फायबरचं बोनेट लाव, खिडक्यांना लेक्सन (काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिक) बसव, एसी-हीटर काढून टाक, गालिच्याखालचे आवाज-उष्णता अडवणारे डांबराचे पट्टे खरवडून काढ. तुम्ही काय केलं असतं?

पानेवाला | १० नोव्हेंबर

आधी सांगा, डिकीत काय काय आहे?

मंदार_ट्रॉय | १० नोव्हेंबर

आधीच्या मालकाने ठेवलेला स्पीकरचा भलामोठा खोका आणि ॲम्प्लिफायर. शिवाय स्टेपनी आणि जॅक.

पानेवाला | ११ नोव्हेंबर

मग आज रात्री खोका काढा आणि न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवा. जी वस्तू काढाल ती तोलायची आणि वहीत लिहायची, ही सवय आत्ताच लावून घ्या. अंदाजाने काम केलं की माणूस दोन पौंडांसाठी दोनशे डॉलर घालवतो आणि सत्तर पौंड डिकीत तसेच पडून राहतात.

स्टेपनी मात्र राहू द्या. मुलींना घेऊन निघालेल्या माणसाने स्टेपनीवाचून हायवेवर जाऊ नये.

मंदार_ट्रॉय | ११ नोव्हेंबर

खोका, ॲम्प्लिफायर, वायरी मिळून ७० पौंड. दादा, तुम्हाला दंडवत!

रेवती_टोलेडो | ११ नोव्हेंबर

खालचं डांबर खरवडायचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी तो ऐकला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची १९६८ ची कमॅरो आहे. मी आणि नवऱ्याने गालिचा काढला, खालचा ज्यूटचा थर काढला. मग कोरड्या बर्फाचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) तुकडे पत्र्यावर पसरून ठेवले. दहा मिनिटांत डांबराचे पट्टे गारठून कडक होतात, हातोडीने हलकेच ठोकलं की शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे तडकतात आणि आख्खे तुकडे निघतात. काम बघायला फार छान वाटतं. हातमोजे जाड हवेत आणि गॅरेजचं दार सताड उघडं हवं, त्या बर्फाचा वायू कोंडला तर जिवावर बेततं.

संध्याकाळी बादली तोलली. १९ पौंड. दिवसभर दोघांनी गुडघ्यांवर बसून १९ पौंड!

आणि मग पहिल्याच लांबच्या फेरीत कळलं की ते डांबर तिथे कशासाठी होतं. गिअरबॉक्सचा आणि सायलेन्सरच्या नळीचा सगळा ताव पायाशी. उजवी चप्पल गरम लागायला लागली. टायरखालचा खडा मडगार्डात उडाला की बंदूक सुटल्यासारखा आवाज. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. पुढच्या हिवाळ्यात आम्ही उष्णता अडवणारे नवे पट्टे आणून सगळ्या तळाला लावले. त्यांचं वजन २४ पौंड. गाडी मुळापेक्षा पाच पौंडांनी जड झाली.

अण्णा_डिअरबॉर्न | १२ नोव्हेंबर

मंदार, तुमच्या मित्राने सांगितलेली यादी काही त्याने शोधलेली नाही. ती यादी कंपन्यांनी स्वतः राबवली आहे, पण रस्त्यासाठी नाही.

१९६३ मध्ये पाँटियॅकने कॅटलिनाच्या चासीला भोकं पाडली, पुढचा पत्रा ॲल्युमिनियमचा केला. त्या १४ गाड्यांना लोक अजून ‘स्विस चीज’ म्हणतात. १९६४ मध्ये फोर्डने फेअरलेनची थंडरबोल्ट केली. फायबरचं नाक, प्लेक्सिग्लासच्या खिडक्या, शंभराच्या आसपास गाड्या. डॉजची १९६८ ची हेमी डार्ट तर पुढचीच गोष्ट: मडगार्ड आणि बोनेट फायबरचं, दारांचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केलेला, काच खालीवर करायला हँडलच्या जागी पट्टा, आणि सीटा डॉजच्या व्हॅनमधल्या. त्या गाडीवर कंपनीनेच चिठ्ठी लावली होती की ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेली नाही.

ज्यांनी गाडी बनवली तेच सांगत होते की ही रस्त्यावर नेऊ नका. लेक्सनला वायपरने चरे पडतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या चऱ्यांत फुटतो आणि पुढचं दिसत नाही. पुढची काच तर कायद्याने लॅमिनेटेडच हवी. मिशिगनमध्ये दरवर्षी गाडीची तपासणी होत नाही हे खरं, पण म्हणून मुलींना प्लास्टिकच्या खिडकीमागे बसवायचं का? आणि हीटर काढलात तर ऑक्टोबरच्या सकाळी काचेवरचं धुकं कशाने पुसाल?

सुहास_कुर्ला | १२ नोव्हेंबर

थोडं अवांतर. डॉजचं नाव वाचलं आणि वडील आठवले. ते कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये होते. स्वातंत्र्याच्या सुमाराला तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जायच्या, मग फियाट आली. वडील फियाटच्या काळातले, पण जुन्या मेस्त्रींकडून त्यांनी ऐकलं होतं की डॉजचा दरवाजा एकट्याने उचलायची पैज लागायची. आमच्या घरी कोणी दार धाडकन लावलं की ते म्हणायचे, “अरे, डॉजचं आहे का ते?”

चालू द्या, वाचतोय.

कात्रजचा_कॉन्टेसावाला | १२ नोव्हेंबर

पुण्यातून रामराम. माझ्याकडे इसुझूच्या इंजिनाची १.८ कॉन्टेसा आहे. आपल्याकडे तिलाच लोक मसल कार म्हणतात, आणि मी ते अभिमानाने ऐकतो. मी पण बंपर काढून फायबरचे लावणार होतो. पण इथे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, नोंदणीच्या वेळी जी गाडी होती तिच्यात मूलभूत बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यामुळे बंपर जागेवर. तुमच्या धाग्यावर निदान वाचून तरी हौस भागवतो.

फाउंड्रीवाला | १३ नोव्हेंबर

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत उमेदवारी केली, आता इंडियानात तेच काम करतो. मंदार, तुमच्या गाडीचं वजन कुठे आहे ते मी सांगतो. ते बिडात आहे.

तुमचं बिगब्लॉक इंजिन सगळं बिडाचं: ब्लॉक बिडाचा, हेड (सिलिंडरवरची झाकणं) बिडाचे, वरचा इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) बिडाचा, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारे) बिडाचे, पाण्याचा पंपसुद्धा बिडाचा. पूर्ण इंजिन ७०० पौंडांच्या घरात जातं, आणि ते बरोबर पुढच्या चाकांवर बसलंय. बिडाची घनता पाण्याच्या सातपट, ॲल्युमिनियमची पावणेतीनपट. ॲल्युमिनियमचं ओतकाम ताकदीसाठी जाड ठेवावं लागतं, म्हणून वजन एक तृतीयांश होत नाही, पण जवळपास निम्म्यावर येतं.

ब्लॉकला हात लावू नका, तो गाडीचा जीव आहे. हेडची जोडी ॲल्युमिनियमची केलीत तर सत्तरएक पौंड जातील. इनटेक बदललात तर अजून तीसएक. मॅनिफोल्डच्या जागी नळ्यांचे हेडर लावलेत की वीस. जुना स्टार्टर काढून गिअरचा छोटा लावला की दहा. पंपाचे सहा-सात. यातला एकही पौंड रस्त्यावर चालवताना तुम्हाला उणा भासणार नाही.

आणखी एक फायदा. १९७० ची मूळ हेडं शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत, त्यांच्या व्हॉल्व्हच्या बैठका बिडातच कापलेल्या असतात आणि बिनशिशाच्या पेट्रोलवर जोरात चालवलं की झिजतात. नव्या ॲल्युमिनियमच्या हेडात कडक बैठका बसवलेल्याच येतात. सांभाळायचं एवढंच: बोल्टखाली कडक वॉशर हवेत, नाहीतर बोल्ट ॲल्युमिनियममध्ये रुततो, आणि गॅस्केट बीड-ॲल्युमिनियमच्या जोडीला चालणारंच घ्यायचं. दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत.

शेवरोलेने १९६९ मध्ये हेच टोकाला नेलं होतं. ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं ४२७, नाव झेडएल-१, आणि तसल्या फक्त ६९ कमॅरो निघाल्या.

मूळरूप | १३ नोव्हेंबर

मला हा सगळा प्रकार पटत नाही. एसएस ३९६ गाडी, त्यात मूळ इंजिन असेल तर ती आहे तशीच ठेवायला हवी. नाक जड आहे? असू दे. १९७० साली ज्याने ती विकत घेतली त्यालाही ती अशीच लागायची. तो अनुभव जपणं हेच तर आपलं काम. हलकी आणि वळणारी गाडी हवी असेल तर दुसरी घ्या.

रेवती_टोलेडो | १३ नोव्हेंबर

@मूळरूप, तुमची कळकळ समजते. पण फाउंड्रीवाल्यांनी सांगितलेलं सगळं बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं. पत्रा कापायचा नाही, भोक पाडायचं नाही. मूळ हेडांना तेल लावून, चिठ्ठी बांधून तळघरात ठेवली तर वारसा कुठे बिघडला? उलट ती झिजायची वाचली.

मूळरूप | १४ नोव्हेंबर

बोल्टने निघणाऱ्या गोष्टींना माझी हरकत नाही. चासीला ड्रिल लावू नका, एवढंच कळकळीने सांगतो. आणि काढलेला एकही भाग विकू नका.

शॉकॲब्सॉर्बर | १४ नोव्हेंबर

सगळे पौंड मोजताहेत, म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. गाडी खरंच जड आहे की सैल आहे?

वळणावर तोंड न वळणं, ब्रेकला नाक खाली जाणं, ही लक्षणं पन्नास वर्षांच्या रबरी बुशांचीही आहेत. पुढे जॅक लावा आणि चाक हातांनी हलवून बघा. कंट्रोल आर्मचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश फुटलेत का, बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का, शॉक गळताहेत का. मग अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांचा) कागद काढा. कंपनीने दिलेले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या) टायरांसाठी होते. आज तुम्ही रेडियल लावलेत. रेडियलला कॅस्टर (बाजूने बघितलं तर स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) जास्त लागतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तीन-चार अंश पॉझिटिव्ह आरामात चालतो. माझ्या १९६९ च्या शेव्हेलमध्ये मी आधी फक्त बुश, शॉक आणि अलाइनमेंट केलं. एक पौंडही काढला नाही. बायको म्हणाली, “दुसरी गाडी आणलीस का?”

वजन जरूर काढा. पण सैल गाडीचं वजन काढणं म्हणजे आधी कळस मग पाया.

अजून एक महत्त्वाचं: नाकावरचे दीड-दोनशे पौंड गेले की पुढच्या स्प्रिंगा गाडीला वर उचलतात. नाक वर, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) बिघडलेला. स्प्रिंग नव्या वजनाच्या हिशोबाने बदलावी लागते आणि अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं. हा खर्च आत्ताच धरून चाला.

पानेवाला | १४ नोव्हेंबर

शॉकॲब्सॉर्बरशी शंभर टक्के सहमत. आणि चाकं विसरू नका. बॉडीतल्या वजनापेक्षा चाकातलं वजन रस्त्यावर जास्त जाणवतं, कारण ते स्प्रिंगच्या खाली आहे आणि फिरतंही. मंदार, कोणती चाकं आहेत?

मंदार_ट्रॉय | १४ नोव्हेंबर

मूळ एसएसची १४ इंची पाच आऱ्यांची तळघरात आहेत. आधीच्या मालकाने १८ इंची क्रोमची लावली होती, तीच गाडीला आहेत.

पानेवाला | १४ नोव्हेंबर

तोला आणि सांगा.

मंदार_ट्रॉय | १६ नोव्हेंबर

टायरसकट तोललं. मूळ चाकांपेक्षा ती क्रोमची एकेकी सहा पौंड जड निघाली! दिसायला हलकी वाटत होती.

नेहा_पॉवरट्रेन | १६ नोव्हेंबर

एसीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. काढू नका, बदला. तुमच्या गाडीत जो लांबट नळकांड्यासारखा कंप्रेसर आहे तो जीएमचा (शेवरोलेच्या मूळ कंपनीचा) ए-६. तो एकदा उचलून बघा, मग कळेल. तो ३५ पौंडांच्या आसपास भरतो आणि इंजिनाच्या एकदम पुढच्या टोकाला, उंचावर लटकतो. त्या जागी सँडनचा छोटा कंप्रेसर आणि योग्य ब्रॅकेट लावलं की वीस पौंड जातात आणि गार हवा तशीच राहते. ऑगस्टमध्ये वुडवर्डवर तासन् तास गोगलगाईच्या चालीने जायचं असतं. मुली मागे बसल्या असतील तर एसीवाचून त्यांचे हाल होतील.

बॅटरी मागे डिकीत न्या. वजन कमी होत नाही, उलट जाड केबलचे चार-पाच पौंड वाढतात, पण नाकावरचे ४० पौंड मागे जातात. सीलबंद एजीएमच (आम्ल चटईत शोषलेली, न सांडणारी) घ्या, घट्ट बांधा, आणि बॅटरीजवळच फ्यूज टाका.

सुहास_कुर्ला | १६ नोव्हेंबर

लिथियमची का नको? ती तर दहा-पंधरा पौंडांत बसते म्हणतात.

नेहा_पॉवरट्रेन | १७ नोव्हेंबर

@सुहास, लिथियम लोह फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, पेशी कायमच्या खराब होतात. मिशिगनमधली थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. शिवाय तिला जुना अल्टरनेटर आणि बाहेरचा यांत्रिक रेग्युलेटर मानवत नाही, व्होल्टेज वरखाली होतं. मुंबईत असती तर थंडीचा प्रश्न आला नसता.

अण्णा_डिअरबॉर्न | १७ नोव्हेंबर

फायबरच्या बोनेटबद्दल एक धोक्याची सूचना. मूळ बिजागरीच्या स्प्रिंगा पोलादी बोनेटच्या वजनासाठी असतात. त्याच ठेवून फायबरचं बोनेट लावलं की बंद करताना ते बिजागरीपाशी वाकतं आणि तडकतं. माझ्या ओळखीच्या एकाचं पहिल्याच दिवशी, रंग वाळायच्या आत, मधोमध चिरलं. तो तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसला होता, मला आठवतंय. मऊ स्प्रिंगा आणि पुढे पिना लावणार असाल तरच त्या वाटेला जा.

कात्रजचा_कॉन्टेसावाला | १७ नोव्हेंबर

टाकी पाव भरून चालवा की! एक गॅलन म्हणजे सहा पौंड, वीस गॅलनच्या टाकीत १२० पौंड पेट्रोल.

पानेवाला | १७ नोव्हेंबर

आणि ते वजन मागे असतं, म्हणजे मंदारच्या उपयोगाचं! भरून चालवा मंदार.

मंदार_ट्रॉय | २२ मे

धागा वर काढतोय, हिवाळाभर काम केलं त्याचा हिशोब द्यायचा आहे. पाच महिने गॅरेजमध्ये छोटा हीटर लावून बसत होतो. मोठी मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन यायची. मी वस्तू काट्यावर ठेवायचो, ती आकडा लिहायची.

आधी शॉकॲब्सॉर्बर यांचं ऐकलं. खालच्या आर्मचा डावा बुश हातात घेतला तर रबराचा चुरा बोटांना लागला. चारही बदलले, शॉक बदलले. डिसेंबरात बर्फ पडण्याआधी एक फेरी मारली आणि फरक तिथेच कळला.

मग इंजिन. जुना इनटेक उचलताना दोन्ही हात आणि कंबर लागली. नवा ॲल्युमिनियमचा मुलीने एकटीने बाकावरून उचलून दिला. त्या क्षणी मला बिडाचा अर्थ समजला. हेडं ७०, इनटेक ३०, हेडर २०, कंप्रेसर २०, स्टार्टर १०, पाण्याचा पंप ७. बॅटरी डिकीत. चाकं परत मूळ १४ इंची. डिकीतला खोका गेलेलाच होता.

काल पुन्हा त्याच काट्यावर, टाकी अर्धी. पुढे २,०२१, मागे १,५९३, एकूण ३,६१४. म्हणजे २४६ पौंड गेले आणि नाकावरचा भार ५८ वरून ५६ टक्क्यांवर आला. ३०० झाले नाहीत. पुढचे ५४ काढायचे तर सीटा, काचा आणि बोनेटला हात घालावा लागेल, आणि तो मी घालणार नाही. एसी गार आहे, हीटर चालू आहे, डांबर जागेवर आहे, स्टेपनी डिकीत आहे.

नाक खरंच पाऊण इंच वर आलं होतं. स्प्रिंगा बदलल्या, अलाइनमेंट पुन्हा केलं, कॅस्टर साडेतीन अंश. काल रात्री चौघं जेवायला गेलो. हायवेवरून उतरायच्या गोल वळणावर पूर्वी मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढायचो. काल गाडी आपणहून आत आली. मागे धाकटी झोपली होती, तिला वळण कळलंसुद्धा नाही.

फाउंड्रीवाला | २२ मे

वाह! वाचून छाती भरून आली. पाचशे मैलांनंतर हेडरचे बोल्ट एकदा पुन्हा कसून घ्या, ते हमखास सैल होतात. हेडच्या बोल्टांसाठी गॅस्केटच्या कागदावर जे लिहिलंय तेच करा.

शॉकॲब्सॉर्बर | २३ मे

पाऊण इंच! मी एक धरला होता. चांगलं काम केलंत. मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंटही बघून घ्या, मागे थोडा भार वाढलाय त्या मानाने ते आता जास्त काम करतील.

पानेवाला | २३ मे

@शॉकॲब्सॉर्बर, मागे भार वाढला नाही हो, ३७ पौंड कमीच झालाय. प्रमाण वाढलंय. पण ड्रम बघा हे बरोबर.

मुलीच्या वहीचा फोटो टाका मंदार.

शॉकॲब्सॉर्बर | २३ मे

बरोबर, प्रमाणच म्हणायचं होतं.

मूळरूप | २३ मे

मंदार, हेडं आणि मॅनिफोल्ड चिठ्ठ्या लावून ठेवलीत ना? आणि तो ए-६ कंप्रेसर? मी विकू नका म्हणालो होतो हे लक्षात आहे. पण माझ्या १९७० च्या माँटे कार्लोला तोच लागतो, आणि माझा गेल्या उन्हाळ्यात जाम झाला. तुमचा उसना द्याल का? तुम्हाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटेल त्या दिवशी परत आणून देईन. जूनमध्ये ट्रॉयला येतोय.

मंदार_ट्रॉय | २३ मे

या की! तळघरातल्या फडताळात तेल भरून, तोंडं बंद करून ठेवलाय. फक्त उचलायला दोघं लागू. जेवायलाच या.